प्रकाशाचा हिशेब आणि जोखमीचा हिशेब



दि. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, हे कोकणातील वाचकांना आठवत असेल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तेथील बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आहे. बारावीला पदार्थविज्ञानात त्याला बेताचेच गुण होते, पण लग्नाचे फोटो तो फार सुरेख काढतो. पाणी ओसरल्यावर त्याने दुकान उघडले, तेव्हा कॅमेरा, दोन लेन्स, संगणक आणि दोन हार्ड डिस्क अशा सगळ्या वस्तू चिखलात होत्या. सहा वर्षांच्या लग्नांचे फोटो त्या डिस्कवर होते. दोन्ही डिस्क एकाच फळीवर ठेवलेल्या होत्या, एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला. कर्ज काढून त्याने नवा कॅमेरा घेतला होता. खिशातून मोबाइल काढून त्याने मला एक फोटो दाखवला. लग्नाच्या मांडवात नवरी, नवरा, आणि त्यांच्यामध्ये खुर्चीवर बसलेले नवरीचे आजोबा. आजोबा नंतर वारले. मूळ फोटो पुरात गेला, आणि आता व्हॉट्सॲपवर पाठवलेली ही लहानशी प्रत एवढीच शिल्लक होती. घरच्यांना भिंतीवर लावायला आजोबांचा मोठा फोटो हवा होता.

"सर, चांगले सॉफ्टवेअर घेतले तर हा फोटो मोठा होईल ना? कोणते घेऊ? आणि नव्या कॅमेऱ्याचा विमा उतरवू का? मागच्या वेळी दुकानाचा विमा होता, पण कॅमेऱ्याचे पैसे काही मिळाले नाहीत."

पहिला प्रश्न संगणकाचा, दुसरा पैशाचा. माझा विषय यांपैकी एकही नव्हे. परंतु विचार करू लागलो, तेव्हा दोन्ही प्रश्न अखेर मोजणीपाशीच येऊन थांबले, आणि एक नियम तर दोन्हीकडे जसाच्या तसा लागू पडला. तो नियम तुम्हांला कागद-पेन्सिलीने पडताळता येण्याजोगा आहे.

कॅमेरा काय मोजतो?

फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रकाश रसायनावर पडत असे. आजच्या कॅमेऱ्यात त्या जागी सिलिकॉनचा पातळ संवेदक असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अशा संवेदकाची कल्पना मांडली, आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने त्यापासून पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते. ते साध्या कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदू म्हणजे एक लहानशी वाटी आहे असे समजा. पावसाचे थेंब वाटीत पडावेत तसे प्रकाशकण त्या बिंदूवर पडतात, त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ते मोजून एक संख्या लिहिली जाते. कॅमेऱ्याचे खरे काम एवढेच. रंग या वाटीला कळत नाही. म्हणून प्रत्येक वाटीवर तांबडी, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. चार वाट्यांपैकी दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी, ही मांडणी कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ चे आहे. आपल्या डोळ्याला प्रकाशाची तीव्रता सर्वांत बारकाईने जाणवते ती हिरव्या रंगाच्या आसपास. म्हणून हिरव्याला दुप्पट जागा! उरलेले दोन रंग शेजारच्या वाट्यांवरून गणिताने काढले जातात.

वाट्यांतील या संख्या जशाच्या तशा ठेवल्या, तर त्या फाइलला 'रॉ' म्हणतात. कच्च्या मालाची फाइल असे म्हणा ना! चांगल्या कॅमेऱ्यात ही संख्या १४ बिटांची असते, म्हणजे ० पासून १६,३८३ पर्यंत. दुसरी पद्धत जेपेगची. तिच्यात कॅमेरा स्वतःच चित्र शिजवून, जिन्नस कमी करून, तयार पानच आपल्यापुढे ठेवतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे फक्त २५६ पायऱ्या मिळतात.

फरक कोठे पडतो तो पाहा. छायाचित्रकार प्रकाश 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा. रॉ फाइलमधील १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपकडेच जातात. पुढच्याला ४,०९६, त्यापुढे २,०४८, १,०२४, ५१२ असे करत सहाव्या स्टॉपला २५६ उरतात. जेपेगमध्ये डोळ्याच्या सोयीसाठी पायऱ्यांची वाटणी जरा वेगळी, अंधाराला झुकते माप देऊन करतात. तरीही सहाव्या स्टॉपला सुमारे १४ पायऱ्या येतात. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवरचे विणकाम याच प्रदेशात असते. रॉ फाइलमध्ये ते २५६ छटांत नोंदवलेले आहे, जेपेगमध्ये १४ छटांत. आता सॉफ्टवेअरमध्ये तो भाग उजळ करा. पहिल्यात विणकाम वर येईल. दुसऱ्यात कापडावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसू लागतील.

याउलट एखादी वाटी काठोकाठ भरून वाहिली, तर तिथे १६,३८३ एवढाच आकडा लिहिला जातो, मग प्रकाश दुप्पट असो वा दसपट. मांडवाच्या दारातून येणाऱ्या उन्हात आजोबांचे पांढरेशुभ्र धोतर असे 'फुटले', की त्याच्या निऱ्या गेल्या. कितीही महागडे सॉफ्टवेअर आणा, त्या परत येणार नाहीत, कारण त्या नोंदल्याच गेल्या नव्हत्या. म्हणून जाणते छायाचित्रकार फोटो काढताना सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवत नाहीत. ते कॅमेऱ्याच्या पडद्यावरील आलेख पाहतात. तो उजव्या काठावर आदळला, की उघडझाप थोडी जलद करतात.

तांदळाचे दाणे

अंधाऱ्या सभागृहात काढलेले फोटो रवाळ, दाणेदार का दिसतात? फोटोग्राफर मंडळी याला 'नॉइज' म्हणतात आणि पुष्कळदा दोष कॅमेऱ्याला देतात. काही दोष कॅमेऱ्याचा असतोही, पण मोठा वाटा खुद्द प्रकाशाचा असतो. हे पडताळण्यासाठी एक प्रयोग करा.

एका मोठ्या पुठ्ठ्यावर १०० चौकोन आखा, दहा ओळी आणि दहा स्तंभ. साधारण १,६०० तांदळाचे दाणे घ्या. मोजत बसू नका. शंभर दाण्यांचे वजन करून त्याच्या सोळापट घ्या. जरा उंचावरून ते पुठ्ठ्यावर होईल तितके सारखे पसरा आणि प्रत्येक चौकोनातील दाणे मोजा. सरासरी १६ येईल. पण प्रत्येक चौकोनात १६ नसतील. कोठे ११, कोठे १९, कोठे २३. दोन तृतीयांशांहून अधिक चौकोन १२ ते २० यांच्या दरम्यान सापडतील. हा ४ चा चढउतार म्हणजे १६ चे वर्गमूळ होय.

प्रकाशकणही असेच, एकमेकांना न विचारता येतात. एका बिंदूवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर शेजारशेजारच्या बिंदूंत सुमारे १०० चा फरक पडतो. तो शेकडा १ आहे, डोळ्याला दिसत नाही. सरासरी १०० च कण पडले, तर चढउतार १० चा, म्हणजे शेकडा १०! हाच तो रवाळपणा. संख्या शंभरपट झाली की चढउतार दहापटच होतो, म्हणून प्रमाणात तो दहावा हिस्सा उरतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. प्रत्येक गटाचा निकाल वेगळा येईल आणि वर्गमूळ मात्र सगळ्यांचे जुळेल, याचीच मुलांना मोठी गंमत वाटते.

हे वर्गमूळ लक्षात असू द्या. विम्याच्या गोष्टीत ते पुन्हा भेटणार आहे.

लहान प्रत मोठी का होत नाही?

जेपेग पद्धत १९९२ साली प्रमाण ठरली. पण तिच्या गाभ्यातील गणित त्याआधीचे आहे, आणि ते बंगलोरला जन्मलेल्या एका भारतीयाचे आहे. नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले आणि ते नाकारले गेले. त्यांनी काम सोडले नाही. आपला विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. आज तुमच्या मोबाइलमधून जाणारा जवळजवळ प्रत्येक फोटो या गणिताच्या किंवा त्याच्या भाईबंदांच्या चाळणीतून जातो.

या पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८, म्हणजे ६४ बिंदूंचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे ६४ ठरावीक नक्षींचे मिश्रण आहे असे मानून, कोणती नक्षी किती प्रमाणात आहे ते काढतात. काही नक्षी संथ लाटांसारख्या, काही अगदी बारीक खवल्यांसारख्या, आणि सगळ्या कोसाइनच्या वक्रापासून तयार केलेल्या. डोळ्याला बारीक नक्षी फारशी जाणवत नाही. म्हणून तिचे आकडे ढोबळ केले जातात, आणि त्यांतले पुष्कळसे शून्य होऊन जातात. शून्ये साठवायला जागा लागत नाही, म्हणूनच फाइल लहान होते. पण एकदा शून्य झालेला आकडा पूर्वी किती होता, हे कोणालाच सांगता येत नाही. फोटो पाठवताना त्याचे बिंदूही कमी केले असतील, तर तोटा आणखी वाढतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील प्रत १६०० गुणिले १०६६ बिंदूंची होती. आजोबांच्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत अवघे ९० बिंदू आले होते. छपाई हातात धरून पाहताना स्वच्छ दिसावी, तर इंचाला सुमारे ३०० बिंदू लागतात. म्हणजे तो चेहरा ०.३ इंचाचा, साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढा छापता येतो. भिंतीवरच्या फोटोत तो एक फूट रुंद करायचा, तर इंचाला साडेसात बिंदू उरतात!

"पण सर, आता कृत्रिम बुद्धीची सॉफ्टवेअर निघाली आहेत. ती चेहरा स्वच्छ करून देतात," तो म्हणाला. त्याने ते करूनही पाहिले होते. लक्षावधी चेहरे पाहून शिकलेला तो प्रोग्राम नव्वद बिंदूंच्या डागाकडे पाहतो आणि 'अशा ठिकाणी बहुधा असे डोळे असतात, असे दात असतात' या अंदाजाने मधली जागा भरतो. चित्र झकपक झाले. फक्त आजोबांच्या पुढच्या दोन दातांची जागा बरीच वर्षे रिकामी होती, आणि संगणकाने ते दात बसवून दिले होते. नवरीच्या आईने फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे आमचे बाबा नव्हेत."

या सॉफ्टवेअरला मी नावे ठेवत नाही. पार्श्वभूमीतला विजेचा खांब पुसायला, रवाळपणा कमी करायला ती उत्तम आहेत. मात्र भरलेला प्रत्येक बिंदू हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. वर्तमानपत्रातील बातमी, प्रयोगशाळेतील नोंद, न्यायालयातील पुरावा यांत अंदाजाला जागा नाही. विम्याच्या दाव्यालाही हे लागू आहे. मोडलेल्या कॅमेऱ्याचा फोटो कंपनीला द्यायचा तो मूळ, हात न लावलेलाच द्यावा.

मग सॉफ्टवेअर कोणते?

नावाने सुरुवात करू नका. आधी हे पाहा, की तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ते उघडते का. नव्या कॅमेऱ्याच्या बाबतीत जुने सॉफ्टवेअर हमखास येथेच अडते. दुसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, मूळ फाइल ते तशीच ठेवते का. चांगली सॉफ्टवेअर मूळ संख्यांना स्पर्श करत नाहीत. 'एवढे उजळ केले, एवढे कापले' अशी कृती ती शेजारच्या लहान फाइलमध्ये किंवा आपल्या सूचीत लिहून ठेवतात. दहा वर्षांनी तुमची आवड बदलली, तर नवी कृती लिहा, मूळ जिन्नस जागेवरच आहे.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. थॉमस नॉल आणि जॉन नॉल या भावांचे ते काम. थॉमस तेव्हा मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी होता. आज फोटोशॉप आणि लाइटरूम ही दोन्ही ॲडोबी कंपनीची सॉफ्टवेअर वर्गणी भरून वापरावी लागतात. त्यांची गुणवत्ता वादातीत आहे. पण समजा, वर्गणी महिना ८०० रुपये पडली, तर दहा वर्षांत ९६,००० होतात. कॅमेऱ्याच्या किमतीशेजारी हा आकडा लिहून पाहावा. शिवाय वर्गणी थांबली तर मूळ फोटो तुमचेच राहतात, पण तुम्ही लिहिलेली कृती पुरती वाचता येईल ती त्याच सॉफ्टवेअरला.

दुसऱ्या बाजूला डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाइलसाठी, आणि गिंप हे रंगकाम, काटछाट, जोडकाम यांसाठी, अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. गिंपची सुरुवात १९९५ मध्ये बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली, आणि तिच्यात मूळ चित्राला धक्का न लावता बदल करण्याची सोय वाढली. डार्कटेबल शिकायला कठीण आहे, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या दिवशी त्यातील आलेख आणि सरकपट्ट्या पाहून माझाच विद्यार्थी घाबरला होता. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेथूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन, कारण प्रत्येक सरकपट्टी कोणते गणित करते ते त्यात झाकून ठेवलेले नाही.

संगणकाकडेही पाहायला हवे. २ कोटी ४० लाख बिंदू, तीन रंग, प्रत्येकी १६ बिट म्हणजे दोन बाइट. गुणाकार केला तर एका थराला १४ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे १४४ एमबी. दहा थर चढवले की दीड जीबीच्या जवळ जातो. सॉफ्टवेअर संथ आहे अशी तक्रार करणाऱ्याने आधी एवढा गुणाकार करावा.

हजार छायाचित्रकारांची वर्गणी

आता विमा. समजा, १,००० छायाचित्रकार आहेत, प्रत्येकाचे सामान २ लाख रुपयांचे आहे, आणि वर्षाला शंभरात एकाचे सामान चोरीला जाते किंवा नष्ट होते. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. वर्षाला सरासरी १० जणांचे नुकसान, एकूण २० लाख. हजारांत वाटले की प्रत्येकी २,००० रुपये. कंपनीचा खर्च, तपासणी, नफा धरून ती ३,००० रुपये हप्ता घेईल.

पण कंपनी '१०' या आकड्यावर कशी विसंबते? येथेच आपले वर्गमूळ येते. १० चे वर्गमूळ सुमारे ३. म्हणजे एखाद्या वर्षी ७, एखाद्या वर्षी १३. चढउतार शेकडा ३० चा, लहान कंपनीला तो धोक्याचा. आता विमेदार एक लाख करा. सरासरी नुकसान १,००० जणांचे, चढउतार सुमारे ३२ जणांचा, म्हणजे शेकडा ३ च. एक लाख विमेदारांची कंपनी म्हणजे भरपूर उजेडातला बिंदू, आणि हजारांची कंपनी म्हणजे अंधारातला. मोठ्या संख्यांचा हा नियम जेकब बर्नुली यांच्या ग्रंथात आहे. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

चौकस वाचक येथे हरकत घेईल. सरासरी नुकसान २,००० चे आणि हप्ता ३,००० चा, मग विमा हा तोट्याचाच व्यवहार नव्हे काय? सरासरीने पाहता होय. पण तुम्ही सरासरीत जगत नाही. याच घराण्यातील डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये दाखवून दिले, की रुपयाचे मोल तो कोणाच्या खिशात आहे यावर ठरते. हजार रुपये जास्त दिल्याने माझ्या विद्यार्थ्याचे काही अडत नाही. दोन लाख एकदम गेले तर दुकान बंद पडते. म्हणून ज्याच्या जाण्याने धंदाच बसेल त्याचा विमा उतरवावा. बॅटरी, पट्टा, फिल्टर यांचे नुकसान स्वतः सोसावे.

वर्गमूळाच्या नियमाला एक अट आहे. दाणे एकमेकांना चिकटलेले नसावेत. ओल्या तांदळाचे गोळे पसरून पाहा, वर्गमूळ चुकेल. पूर म्हणजे ओला तांदूळच. चिपळूणच्या पेठेतील सगळी दुकाने एकाच दिवशी बुडतात. म्हणून विमा कंपन्या आपले विमेदार दूरदूरच्या प्रदेशांत पसरलेले ठेवतात आणि स्वतःही दुसऱ्या कंपन्यांकडे पुनर्विमा उतरवतात.

विमापत्रातील बारीक अक्षरे

माझ्या विद्यार्थ्याला पैसे का मिळाले नाहीत? दुकानाच्या विम्याच्या अर्जात फर्निचर होते, संगणक होता, कॅमेऱ्याचा उल्लेखच नव्हता. त्याला वाटले, दुकानात आहे म्हणजे आलाच. पण नोंद नाही त्याची भरपाई नाही. धोतराच्या निऱ्यांचे जे झाले, तेच कॅमेऱ्याचे झाले.

हातात घेऊन फिरायच्या सामानासाठी 'ऑल रिस्क' नावाची पॉलिसी निघते. नावावर जाऊ नका. सर्व जोखमी, पण वगळलेल्या सोडून! झीज, आपोआप झालेला बिघाड आणि हळूहळू होणारी खराबी ही बहुधा वगळलेली असतात. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सवर चढणारी बुरशी याच शेवटच्या सदरात मोडते. हवेतील सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस शेकडा ६०-७० च्या वर राहिली की बुरशी धरते. तिच्यावर उपाय पॉलिसी नव्हे. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रतामापक, एवढे पुरे. कुलूप नसलेल्या, कोणी नसलेल्या गाडीतून झालेली चोरीही पुष्कळदा वगळलेली असते. कॅमेरा धंद्यासाठी वापरता हे अर्जात लिहिले नाही, तर दावा फेटाळायला तेवढे कारण पुरते.

विमा कमी रकमेचा उतरवून हप्ता वाचवणारे स्वतःलाच फसवतात. समजा, सामान २ लाखांचे, विमा १ लाखाचा आणि नुकसान ४०,००० चे. पुष्कळांना वाटते, एक लाखाच्या आत आहे, सगळे मिळतील. परंतु पुष्कळ विमापत्रांत सरासरीचे कलम असते. निम्म्याचाच विमा, तर भरपाईही निम्मी, २०,००० रुपये. त्यातून स्वतः सोसायची ठरलेली रक्कम आणि घसारा वजा होतो तो निराळाच. घसारा धरतात की नव्या वस्तूची किंमत देतात, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे.

बिले, प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि सामानाचे फोटो जपून ठेवावेत, आणि ते सामानाबरोबर नव्हे तर दुसरीकडे ठेवावेत. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार आणि कंपनीला विलंब न करता कळवणे, दोन्ही हवीत. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

फळी एकच होती

कॅमेऱ्याचे पैसे मिळू शकतात. फोटो मात्र कोणतीच कंपनी परत आणून देत नाही. तेथे विमा म्हणजे दुसरी प्रत. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २० त १ धरली, तर दोन्ही बिघडण्याची शक्यता २० गुणिले २०, म्हणजे ४०० त १. परंतु हा गुणाकार करायचा तर दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एका फळीवरच्या दोन डिस्क पुराच्या पाण्याला एकच डिस्क आहेत. तांदूळ पुन्हा ओला झाला!

आता त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर रॉ फाइल लिहितो. एक डिस्क स्टुडिओच्या माळ्यावर असते. दुसरी घाट ओलांडून कऱ्हाडला बहिणीकडे आहे. महिन्यातून एकदा एस.टी.ने तो स्वतः जाऊन ती बदलून आणतो. विमापत्र, बिले आणि अनुक्रमांकांची यादीही तिच्याच कपाटात ठेवलेली आहे. सॉफ्टवेअर म्हणून सध्या डार्कटेबल आणि गिंप. वर्गणीचे पैसे वाचवून तो मोठा पडदा घेणार आहे, असे म्हणत होता.

आणि आजोबांचा फोटो? १६०० ला ३०० ने भागले, सव्वापाच इंच आले. त्या मापाने त्याने मांडवातला तो पूर्ण फोटो छापला, रुंद पांढऱ्या कडेच्या लाकडी चौकटीत बसवला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. तो हातात घेऊन पाहण्याजोगा झाला आहे. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आहे असे कळते.